पिनपॉइंटर बिघडला म्हणून कपाटात टाकण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या गॅजेटच्या पानावर नवीन काय आलं, त्यात काय काय फीचर आहेत हे भरपूर येतं आणि मी ते आवडीने वाचतो, पण आधीच घरात असलेली वस्तू नीट चालत नसेल तर तिचं काय करायचं यावर फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. विषय जरा वेगळा आहे. मेटल डिटेक्टर वापरणाऱ्यांच्या कमरेला जो छोटा गाजराच्या आकाराचा दांडा लटकत असतो ना, पिनपॉइंटर, त्याबद्दल लिहितोय. ही वस्तू लोक फार पटकन निकालात काढतात. उगाच वाजतोय, किंवा वाजतच नाही, की झालं, बोर्ड गेलं म्हणायचं आणि कपाटात टाकायचं, आणि विकणारा पण बऱ्याचदा उघडून न बघताच नवीन घ्या म्हणतो. माझ्याकडे ओळखीचे लोक असे पिनपॉइंटर बघायला आणतात त्यातल्या बहुतेकांना काहीही झालेलं नसतं. कोणी चुकीच्या जागी चालू केलेला असतो, कोणी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे धातू किती लांबून पकडायचा ते सेटिंग, नको तेवढी वर नेलेली असते, नाहीतर बॅटरी अर्धमेली असते. चांगली चालणारी वस्तू अशी पडून राहते याचं मला खरंच वाईट वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठा डिटेक्टर फक्त सांगतो की या जागेखाली कुठेतरी धातू आहे, पण खड्डा केल्यावर ती हरवलेली अंगठी बाहेर काढलेल्या ढेकळात आहे का खड्ड्याच्या भिंतीत आहे हे शोधायला पिनपॉइंटर लागतो, टोक जवळ नेलं की तो वाजतो आणि हातात थरथरतो. जुन्या लाकडावर रंधा मारण्याआधी आत खिळा राहिलाय का हे बघायलाही तो उत्तम, रंध्याचं पातं वाचतं.

आता तो आतून कसा चालतो हे एकदा कळलं की निम्मे प्रॉब्लेम आपोआप कळतात. टोकात फेराइट नावाच्या चुंबकीय मटेरियलची एक दांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, त्या तारेतून उलटसुलट करंट फिरतो, बऱ्याच मॉडेलमध्ये सेकंदाला साधारण १२ हजार वेळा म्हणजे १२ किलोहर्ट्झच्या आसपास. जवळ धातू आला की त्या धातूत भोवरे उठल्यासारखे करंट सुरू होतात आणि त्यामुळे कॉइलमधला करंट किंचित बदलतो, तो बदल सर्किट पकडतं. म्हणजे पिनपॉइंटरला दिसतो तो फक्त बदल, आणि बदल कशापासून, तर बटण दाबलं त्या क्षणी आजूबाजूला जे काही होतं त्यापासून. तराजूत भांडं ठेवूनच काटा शून्यावर आणला तर भांड्याचं वजन दिसत नाही, तसंच इथे होतं. फावड्याच्या शेजारी चालू केला, लोखंडी क्लिपच्या पाऊचमध्ये असतानाच बटण दाबलं, हातातलं घड्याळ टोकाजवळ होतं, की त्याने तेवढा धातू जमेत धरून शून्य ठरवलं, आणि मग नाणं अगदी टोकाला लागेपर्यंत तो गप्प बसतो. लोक म्हणतात रेंज गेली. रेंज कुठे गेलेली नसते, बंद करायचा, हात लांब करून टोक मोकळ्या हवेत धरायचं आणि परत चालू करायचा.

हीच गोष्ट मुद्दाम वापरता पण येते आणि ते ज्याला जमलं त्याचं काम फार सोपं होतं. खड्ड्यात मोठा तुकडा असला की पिनपॉइंटर सगळीकडेच वाजत राहतो, मग नेमकं कुठे खणायचं कळत नाही. गॅरेटच्या प्रो-पॉइंटर एटीमध्ये अशा वेळी वाजत असतानाच बटण एकदा झटकन दाबून सोडलं की तो तिथल्या तिथे रीट्यून होतो म्हणजे नवीन शून्य धरतो, गप्प होतो, आणि आता आणखी जवळ गेलं तरच वाजतो. परत वाजला की परत दाबायचं. असं दोन तीनदा केलं की शोधायची जागा बोटाएवढी होते. पण, आणि हा पण फार महत्त्वाचा आहे, काम झाल्यावर टोक हवेत धरून परत एकदा बटण दाबायचं, नाहीतर पुढच्या खड्ड्यात तो तसाच बहिरा राहणार आणि छोटी वस्तू सुटणार. इतर कंपन्यांच्या मॉडेलमध्येही रीट्यूनची सोय असते, बटण वेगळं असेल तर मॅन्युअल बघा, त्यात असतं, फक्त इतक्या बारीक अक्षरात छापलेलं असतं की कोणी वाचत नाही. कंपन्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हा एक परिच्छेद तरी पहिल्या पानावर मोठ्या टाइपात छापा.

यंत्र बरोबर आणि आजूबाजूचं लोखंड चूक, ही तक्रार या यंत्राच्या जन्मापासूनची आहे. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला, शरीरात अडकलेली गोळी डॉक्टरांना सापडेना, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः धातू शोधायचं यंत्र घेऊन आले. आधी केलेल्या चाचण्यांत यंत्र चाललं होतं, पण राष्ट्राध्यक्षांच्या अंगावरून फिरवलं तर आवाज भलत्याच मोठ्या भागावर येत राहिला, आणि बेलना नंतर कळलं की वरच्या गादीखाली स्टीलच्या तारांची दुसरी गादी होती. त्यात डॉक्टरांनी उजवी बाजूच तपासायचा आग्रह धरलेला आणि गोळी निघाली डावीकडे. १९ सप्टेंबर १८८१ ला गारफिल्ड गेले. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, यंत्राला दोष देण्याआधी बोटातली अंगठी, मनगटातलं कडं, पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी बूट, खड्ड्याच्या काठावर टेकवलेलं खुरपं, हे सगळं बाजूला करून बघा.

सेन्सिटिव्हिटीचं पण तेच. गॅरेट एटीला ३ पायऱ्या आहेत, माइनलॅबच्या प्रो-फाइंड ३५ ला ५, आणि नवीन माणूस पहिल्या दिवशीच सगळ्यात वरची लावून ठेवतो. वर नेली की लांबचं दिसतं हे खरं, पण मातीतलं बारीक लोह, ओलावा, तापमान सगळंच दिसायला लागतं आणि मग तो टोक मातीला लागलं की ओरडतो. ज्या मातीत लोहाचे कण जास्त तिथे एक पायरी खाली आणा, तरी थांबला नाही तर टोक त्याच मातीला टेकवून, अर्थात जिथे धातू नाही अशा जागी, तिथेच रीट्यून करा म्हणजे ती माती त्याचं शून्य होते. समुद्राच्या ओल्या वाळूत मात्र साधा पिनपॉइंटर त्रास देणारच, कारण खारट पाण्यातूनही करंट वाहतो आणि यंत्राला तो धातूसारखा भासतो. तिथे पल्स इंडक्शन प्रकारचा लागतो, तो करंटचा झटका देऊन थांबतो आणि मग ऐकतो, मिठाच्या पाण्यातला परिणाम तोपर्यंत विरून गेलेला असतो आणि धातूचा अजून शिल्लक असतो. ज्याला मुख्यतः किनाऱ्यावरच शोधायचंय त्याने साध्या पिनपॉइंटरशी भांडत बसू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

उन्हाचंही सांगतो. तापलेल्या गाडीतून काढून लगेच थंड ओल्या खड्ड्यात घातला की फेराइट आणि तार दोन्ही गार होतात, कॉइलचा हिशोब थोडा सरकतो आणि दोन तीन मिनिटं तो अधूनमधून उगाच वाजतो. थोडा वेळ द्या, रीट्यून करा, विषय संपला.

आता बॅटरी, कारण सगळ्यात जास्त गैरसमज हिच्याबद्दल आहेत. बऱ्याच पिनपॉइंटरमध्ये ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. मल्टिमीटर लावून लोक म्हणतात ८ व्होल्टच्या वर दाखवतंय, बॅटरी चांगली आहे. पण ते काम न करता नुसत्या बसलेल्या बॅटरीचं माप झालं. पिनपॉइंटर थरथरतो तेव्हा आतली छोटी मोटर एकदम करंट ओढते आणि थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज त्या क्षणी खाली बसतं. मग काय होतं ते नीट बघा: टोक धातूजवळ गेलं, मोटर सुरू झाली, व्होल्टेज बसलं, सर्किट रीस्टार्ट झालं, आणि रीस्टार्ट झालं ते धातूच्या शेजारीच, म्हणजे त्याने तो धातूच शून्य धरला आणि गप्प झाला. माणसाला वाटतं एकदा वाजून बंद पडला, सर्किट खराब. हे लक्षण दिसलं की पहिलं काम नवीन अल्कलाइन बॅटरी, दुसरं काही उघडायचं नाही. चार्जिंगच्या ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांमध्ये पण फरक असतो, निकेल प्रकारातल्या काही प्रत्यक्षात ७.२ किंवा ८.४ व्होल्टच्याच असतात त्यामुळे बॅटरी लो ची सूचना लवकर येते, आणि लिथियमवाल्या ज्या बॅटरीत व्होल्टेज बदलणारं सर्किट आतच बसवलेलं असतं त्यातल्या काहींचा विजेचा गोंधळ कॉइलला ऐकू जातो. अल्कलाइनवर शांत आणि चार्जिंगच्या बॅटरीवर किरकिर असं असेल तर दोष बॅटरीचा समजा.

माझी एक सवय आहे ती सगळ्यांनी लावून घ्यावी असं मनापासून वाटतं. नवीन बॅटरी घातली की लाकडी टेबलावर, खिळे नसलेल्या जागी, एक नाणं ठेवायचं, शेजारी पट्टी, पिनपॉइंटर हळूहळू नाण्याकडे सरकवायचा आणि पहिल्यांदा वाजला ते अंतर मोजायचं, प्रत्येक पायरीवर. पट्टी प्लास्टिकची किंवा लाकडाची घ्या, स्टीलची नको. ते आकडे कागदाच्या टेपवर लिहून पिनपॉइंटरच्या दांड्याला चिकटवून टाकायचे, आणि नाणं तेच जपून ठेवायचं कारण नाणं बदललं की माप बदलतं. पुढे कधी शंका आली की परत तेच नाणं, तेच टेबल. आकडा तेवढाच आला तर यंत्र ठणठणीत आहे, खोट मातीत आहे किंवा आपल्या सेटिंगमध्ये आहे. आकडा अर्ध्यावर आला तरच पुढची तपासणी.

पुढची तपासणी म्हणजे टकटक. पिनपॉइंटर हवेत धरा, टोकाजवळ काही नको, आणि बोटाच्या पेराने दांड्यावर हलकं टकटक करा, आधी बॅटरीच्या बाजूला मग टोकाकडे. बॅटरीच्या झाकणाजवळ मारल्यावर तो बंद होऊन चालू झाल्यासारखा वाजत असेल तर बॅटरी आत हलतेय किंवा स्प्रिंग सैल झालीय. झाकण उघडा, संपर्काच्या पत्र्यावर पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड दिसली तर बॅटरी गळलीय, अल्कलाइन गळतीला कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. बॅटरी खुळखुळत असेल तर फोमचा पातळ तुकडा बाजूला सरकवला की पुरे. पण टोकावर टकटक केल्यावर, किंवा टोक बोटाने बाजूला किंचित दाबल्यावर तो वाजत असेल तर मात्र काळजीचं आहे, आतल्या फेराइटच्या दांडीला तडा गेलेला असण्याची शक्यता मोठी. फेराइट काचेसारखं ठिसूळ असतं, तडा गेला की दाबागणिक त्या फटीत केसाएवढा फरक पडतो आणि सर्किटला तो धातू आल्यासारखाच वाटतो. हे घरी दुरुस्त होत नाही, वॉरंटीत असेल तर न उघडता कंपनीकडे पाठवा. आणि हे होतं कशाने, तर पिनपॉइंटरनेच माती उकरल्याने. टोक टणक दिसतं म्हणून लोक त्याने खडे उपटतात. तो शोधायला आहे, खणायला खुरपं आहे. वाळूत घासून टोकाचं प्लास्टिकही पातळ होत जातं, काही मॉडेलला वरून घालायची बदलता येणारी टोपी मिळते, ती जरूर घाला, फक्त टोपीत ओली माती अडकू देऊ नका, नाहीतर तीच माती कायम टोकाला चिकटून राहते आणि परत उगाच वाजणं सुरू.

पाण्याबद्दल थोडं. वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणजे झाकणाची रबरी ओ-रिंग नीट असेल तोपर्यंत वॉटरप्रूफ. गॅरेट एटी ६ मीटरपर्यंत चालतो म्हणतात ते खरंच आहे, पण त्या रिंगवर वाळूचा एक कण बसला तरी पाणी आत जातं. पाण्यातून आल्यावर आधी साध्या पाण्याने धुवा, पुसून वाळवा, मगच झाकण उघडा. रिंग बोटाने चाचपून बघा, खरखरीत लागली तर काढून पुसा, आणि कंपनीने सांगितलेलं ग्रीस अगदी पुसट लावा. आवाज घोगरा झाला तर स्पीकरच्या भोकात टाचणी घालू नका, आत पातळ पडदा असतो, तो फाटला की वॉटरप्रूफपणा गेला. पाणी निथळून वाळलं की आवाज आपोआप मोकळा होतो. बटणाखाली वाळू अडकूनही भलतंच सेटिंग सुरू होतं, तेही साध्या पाण्याखाली बटण दाबत धुतलं की सुटतं.

मोठा डिटेक्टर आणि पिनपॉइंटर एकमेकांवर ओरडतात ही तक्रार पण कायमची. दोघंही तेच काम करतात, फ्रिक्वेन्सी जवळजवळ असली की एकाचं सिग्नल दुसऱ्याला धातू वाटतं. डिटेक्टर खाली ठेवताना त्याची कॉइल खड्ड्यापासून लांब आणि दुसरीकडे तोंड करून ठेवा, काही मॉडेलमध्ये पिनपॉइंटरची फ्रिक्वेन्सी थोडी सरकवता येते ती सरकवून बघा. मोबाइल वरच्या खिशात असेल तर वाकल्यावर तोही टोकाजवळ येतो, तेही लक्षात ठेवा.

आता ट्रिमरबद्दल, म्हणजे बोर्डवरच्या सेटिंगच्या बारीक स्क्रूबद्दल, कारण सेन्सिटिव्हिटीचं बटण नसलेले जे साधे पिनपॉइंटर असतात, आणि गॅरेटच्या प्रसिद्ध केशरी मॉडेलच्या ज्या हुबेहूब नकला फिरतात, त्यातल्या बऱ्याच जणांत सेन्सिटिव्हिटी आतल्या बोर्डवरच्या एका छोट्या स्क्रूने ठरते. वर लिहिलेलं रीट्यून यातल्या बऱ्याच जणांना लागू होत नाही, म्हणून लोकांची निराशा होते. वॉरंटी नसेल तरच उघडा. नवीन बॅटरी घालून दहा मिनिटं चालू ठेवा म्हणजे आतलं तापमान स्थिर होतं, ही दहा मिनिटं बरेच जण टाळतात आणि मग संध्याकाळपर्यंत सेटिंग सरकतं. स्क्रूड्रायव्हर प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा घ्यायचा, स्टीलचा घेतला तर तोच धातू म्हणून मोजला जातो आणि काढल्यावर सगळं बदलतं. टोक हवेत धरून स्क्रू अगदी किंचित किंचित फिरवायचा, नखाच्या रेघेएवढा, सतत वाजायला लागला की थांबायचं, मग उलट दिशेला फिरवत तो गप्प होईपर्यंत यायचं, आणि गप्प झाल्यावरही अजून थोडं पुढे जायचं. नेमकं गप्प होतं त्या काठावर ठेवला तर टेबलावर झकास रेंज दाखवतो आणि बाहेर पहिल्याच थंड खड्ड्यात किरकिरतो. मग झाकण लावून परत नाणं आणि पट्टी, कारण झाकण लावल्यावर तारा हलतात आणि थोडा फरक पडतोच. मूळ जागेवर स्क्रूची खाच कुठे होती त्याचा फोटो सुरुवातीलाच काढून ठेवा.

आणि एक, जो बिघाड नाहीच. पिनपॉइंटर गवतात ठेवला, माणूस दुसऱ्या कामाला लागला, आणि पाच मिनिटांनी तो एकटाच चिवचिवायला लागला. हरवू नये म्हणून ती मुद्दाम दिलेली सोय आहे, गॅरेट एटीमध्ये आहे, माइनलॅबच्या ३५ मध्ये आहे, कुठलंही बटण दाबलं की थांबते. तासाभराने तो स्वतः बंद होतो तेही तसंच. यासाठी चांगला चालणारा पिनपॉइंटर परत करायला निघालेली माणसं मी बघितली आहेत.

संपादक साहेब, गॅजेटच्या पानावर महिन्यातून एकदा तरी अर्धा कॉलम अशा दुरुस्तीला द्यावा ही विनंती. पिनपॉइंटरच कशाला, ब्लूटूथ स्पीकर, टॉर्च, दाढीचा ट्रिमर, चार्जिंगचा पंखा, प्रत्येकाची अशी दोन चार कारणं असतात जी विकणारा सांगत नाही आणि मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात दडलेली असतात. वाचकांनीच एकमेकांना सांगितली तरी चालेल, फक्त लिहिणाऱ्याने मॉडेल कोणतं, बॅटरी कोणती आणि लक्षण नेमकं काय हे लिहावं अशी अट घाला, नुसतं "चालत नाही" एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही. पहिल्या कॉलमसाठी नाणं आणि पट्टीवाल्या मापाचा तक्ता मी आनंदाने करून पाठवीन.

आपला,
एक नियमित वाचक